अपराध जिभेचा कीं मेंदूचा ?

तोतऱ्या माणसाची जीभ जड असते, ही समजूत फार जुनी आहे. ती बोलण्यापुरतीच राहती तर आम्हांस तिचें विशेष वाटलें नसतें. परंतु १८४१ सालीं बर्लिनचे नामांकित शस्त्रवैद्य डीफेनबाख यांनीं अशा रोग्यांच्या जिभेच्या मुळाशीं शस्त्र चालविलें; आणि भूल देण्याची विद्या तेव्हां प्रचारांत यावयाची होती ! पुढें १८६१ सालीं पॅरिसच्या ब्रोका यांनीं वाचाशक्तीचें एक स्थान मेंदूच्या पुढल्या भागांत दाखविलें, आणि विचाराची दिशा पालटली. १९३० च्या सुमारास अमेरिकेंत आयोवा येथें ऑर्टन व ट्रॅव्हिस यांनीं तोतरेपणाचें मूळ मेंदूच्या दोन अर्धांमधील वर्चस्वाच्या अनिश्चिततेंत शोधिलें. अखेर २००२ सालीं जर्मन संशोधकांनीं जिवंत मेंदूचीं चित्रें घेऊन, डाव्या अर्धांत वाचेच्या स्नायूंवर हुकमत चालविणाऱ्या भागाखालीं मज्जातंतूंची जोडणी विस्कळित असल्याचें दाखविलें. हा वर्षानुवर्षें अडखळण्याचाच परिणाम असेल काय ? २००८ सालीं नऊ ते बारा वर्षांच्या मुलांतही तसाच भेद आढळल्यानें ही शंका बरीच दुबळी झाली आहे. जिच्यावर शस्त्र चाललें ती जीभ बिचारी निरपराधी ठरली. आतां अडखळणाऱ्या मुलाला हट्टी किंवा भित्रें म्हणून दटावणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं आपलें शस्त्रही म्यान करावें, एवढेंच आमचें मागणें आहे.