पिंपाचं कूळ

उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या टंचाईच्या गावात टँकर यायच्या आधीच दारोदार निळी पिंपं मांडलेली असतात. काहींच्या झाकणाला चक्क कुलूप असतं. या पिंपाचं कूळ पोर्तुगीज आहे. तिकडे ‘पीपा’ म्हणजे दारू साठवायचं लाकडी पिंप. मराठीत त्याचं पीप झालं, पिंपही झालं. हिंदीत पीपा तसाच राहिला. गोव्याचे भाषापंडित दाल्गादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांतले पोर्तुगीज शब्द कोशात गोळा केले, त्यांत हाही आहे.

पोर्तुगालमधल्या दोउरू नदीच्या खोऱ्यात पीपा हे मापसुद्धा आहे, साधारण ५५० लिटरचं. ओकच्या फळ्या वाकवून जोडायच्या आणि वरून लोखंडी पट्ट्या ठोकून आवळायच्या. ना खिळा, ना डिंक. पोट मुद्दाम फुगीर. पिंप आडवं केलं की जमिनीला तेवढं पोटच टेकतं, त्यामुळे अर्ध्या टनाहून जड पिंप एकटा माणूस लोटत नेतो आणि हवं तिकडे वळवतो. कारागिराची सगळी अक्कल मला त्या फुगवट्यात दिसते.

लिस्बनहून गोव्याला यायला गलबतांना सहा-सहा महिने लागत. वाटेत प्यायचं पाणी पिंपातलंच, आणि ते लवकरच नासे. आपल्याकडे साठवणीला रांजण होता, पण तो बहुधा अर्धा जमिनीत पुरलेला. भरला की हलायचा नाही. बंदरावर चढउतार करायला पिंपच सोयीचं.

पुढे लाकूड गेलं. अमेरिकेत १९०५ साली पोलादी पिंपाचं पेटंट निघालं. आपल्याकडे तेल, रॉकेल, डांबर पत्र्याच्या पिंपातून येऊ लागलं आणि रिकामं झालेलं पिंप न्हाणीघरात पाण्याला लागलं. मर्ढेकरांच्या गाजलेल्या कवितेतले उंदीर मरतात तेही पिंपातच. आता प्लास्टिक आलं, तरी नाव तेच.

साठवलेल्या पाण्याची जुनी खोड मात्र गेलेली नाही. डेंग्यूचा डास पिंपाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या कडेशी अंडी घालतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळताना पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. आतून काथ्याने खसाखसा घासावं लागतं.