बारी बदलताना

डबलबारीच्या सामन्यात दोन बुवा एकाच रंगमंचावर बसतात, पण दोघांचे बिऱ्हाड वेगळे असते. प्रत्येकाची पेटी वेगळी, पखवाज वेगळा, झांजा वेगळ्या, मागून साथ धरणारे कोरसवालेही वेगळे. एका बुवांची बारी चालू असते तेव्हा दुसरे बुवा शांतपणे ऐकत असतात आणि मनात उत्तर जुळवत असतात. रूपाचा अभंग, गौळण, गजर, मधूनच प्रतिस्पर्ध्याला घातलेला तिरकस सवाल. मग बारी पलीकडे जाते. त्या क्षणी ध्वनिक्षेपकातला आवाजही पलीकडे न्यावा लागतो. भजनाविषयी, बुवांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. आवाज पलीकडे नेणाऱ्या हाताविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. या लेखाचा विषय तो हात आहे.

मी हे बांद्यात बसून लिहितो आहे. तेरेखोल नदीच्या काठचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे हे गाव गोव्याच्या वेशीवर आहे. पलीकडे पेडणे तालुका, अलीकडे सावंतवाडी. जत्रेतला दशावतार, देवळातले भजन आणि वेशीपलीकडचे मोठे संगीतसोहळे अशा तीन जगांचे आवाज इथल्या माणसाच्या कानावर पडत असतात. त्यामुळे तुलना सहज होते.

ध्वनिक्षेपक येण्याआधीचा नियम साधा होता : ज्याचा गळा मोठा, त्याची सभा. दशावतारात गॅसबत्तीच्या उजेडात नट बोलत, ते देवळाच्या आवारातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचावे लागे. संकासुराची फेक किंवा गाऱ्हाणे घालणाऱ्या गावकऱ्याचा चढा सूर, हे दोन्ही त्याच गरजेतून घडले. आवाजाची विषमता तेव्हाही होती, पण ती गळ्यातली होती. ती सर्वांना दिसत होती आणि मान्यही होती.

१९१५ साली अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी कर्ण्यातून मोठा आवाज काढण्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. १९१९ मध्ये सॅन दिएगोत राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे भाषण त्यांच्याच यंत्रणेवरून हजारो लोकांनी ऐकले. आपल्याकडे मुंबईच्या शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने यांनी १९३०च्या दशकात काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले. १९४० मध्ये दिल्लीत आहुजा कंपनी सुरू झाली आणि पुढे तिचे नाव गावोगावच्या माईकवाल्यांच्या पेट्यांवर दिसू लागले. या सर्व यंत्रणांमागे एक गृहीत होते : बोलणारा एक, ऐकणारे अनेक. नेता बोलतो, सभा ऐकते. एकाच पेटीत आवाज वाढवायची सोय आणि माईकची दोन-चार बटणे एवढ्यावर काम भागत असे.

डबलबारीने हे गृहीत मोडले. इथे बोलणारे दोन, आणि तेही एकमेकांवर मात करू पाहणारे. बुवांचा माईक, पेटीचा, पखवाजाच्या दोन पुड्यांचे दोन, झांजेचा, कोरसचे दोन-तीन असे धरले तर एका बाजूला सात-आठ माईक सहज होतात. दोन्ही बाजू मिळून पंधरा-सोळा. सगळे एकाच वेळी उघडे ठेवले तर शिट्टी वाजू लागते. ध्वनिशास्त्राचा हिशेब असा की उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी वाजण्याआधी मिळणारा आवाज सुमारे तीन डेसिबलने घटतो. म्हणून बारी बदलली की एका बाजूचे माईक बंद करायचे आणि दुसऱ्या बाजूचे उघडायचे. सोळा पट्ट्यांवर दोन हातांनी हे करताना पहिला शब्द हरवतो. बुवांनी नमनाला तोंड उघडले आणि आवाजच नाही, असे झाले की सामन्याची हवा तिथेच जाते.

मोठ्या सोहळ्यांनी या अडचणीवर उत्तर शोधले, पण ते एका दिवसात सापडले नाही. १९६९च्या वुडस्टॉक महोत्सवात रंगमंचावर एक फिरता चौथरा बसवला होता. एक वाद्यवृंद वाजवत असताना मागे दुसऱ्याची मांडणी करायची आणि चौथरा फिरवायचा, अशी कल्पना होती. वजन पेलले नाही, चाके मोडली आणि श्रोत्यांना लांबच लांब खंड सोसावे लागले. पुढे रूढ झालेला मार्ग असा की प्रेक्षकांत बसणाऱ्या ध्वनियोजकांसमोर दोन मिक्सर ठेवायचे. पहिल्यावर चालू कार्यक्रम, दुसऱ्यावर पुढच्याची जुळणी. दुसरा माणूस कानाला हेडफोन लावून एकेक माईक तपासून घेतो, श्रोत्यांना कळतही नाही. दोन्ही मिक्सरचा आवाज तिसऱ्या छोट्या मिक्सरमध्ये येतो आणि तिथून ध्वनिक्षेपकांकडे जातो. बारी बदलते ती या तिसऱ्या ठिकाणी, दोन पट्ट्यांवर : एक खाली, एक वर.

ऐकायला सोपे वाटते, पण त्याला पथ्ये आहेत. चालू यंत्रणेत वायर उपसायची नाही, नाहीतर कंडेन्सर माईकला जाणाऱ्या ४८ व्होल्टमुळे धाडकन आवाज येतो. दोन मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणच्या विजेवर चालवायचे नाहीत, नाहीतर दोघांच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे सतत घुमघुम ऐकू येते. आणि सर्वांत महत्त्वाचे, कार्यक्रमाआधी दोन्ही मिक्सरमधून एकच ठरावीक आवाज सोडून तिसऱ्या ठिकाणी तो समान पातळीवर आणायचा.

हे शेवटचे पथ्य सामन्यात फार मोलाचे आहे. कारण मानवी कानाची एक खोड आहे. आवाजात एखाद्या डेसिबलचा फरक असेल, तर कान त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. श्रोत्याला वाटते, या बुवांचा गळा स्वच्छ आहे, त्यांचा पखवाज बोलतो आहे. खरे तर पट्टी केसभर वर असते.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण १३ जुलै १९८५च्या लाइव्ह एड कार्यक्रमाचे आहे. लंडनच्या वेम्बली मैदानावर तीन भागांचा फिरता रंगमंच होता, एकामागून एक कलाकार येत होते आणि यंत्रणा सर्वांना समान होती. क्वीन या गटाने सुमारे २१ मिनिटांत मैदान जिंकले. त्यांच्या ध्वनियोजकाने यंत्रणेवरची आवाजाची मर्यादा हळूच सैल केली होती, असे पुढे सांगितले गेले. आम्ही सर्वांपेक्षा मोठे वाजलो, असे गटातल्यांनीही नंतर म्हटले. फ्रेडी मर्क्युरीचे गाणे त्यामुळे लहान ठरत नाही. पण त्या दिवसाची तुलना निखळ गाण्याची होती असे म्हणता येत नाही.

आपल्या डबलबारीतही हाच प्रश्न आहे. सामन्यानंतर पारावर आठवडाभर वाद चालतो : कोण सरस? त्या वादात पट्टीचा विचार कोणी करत नाही. माईकवाला कोणाच्या गावचा, कोणत्या बुवांचा चाहता, एवढीच कुजबुज होते. मला वाटते, संशय माणसावर घेण्यापेक्षा रीत बदलावी. पहिली बारी कोणाची हे जसे सर्वांसमोर ठरते, तसे दोन्ही बाजूंचे पखवाज आणि पेट्या सर्वांसमोर वाजवून आवाज समान करावा आणि शेवटच्या दोन पट्ट्यांना तिथे खूण करून ठेवावी.

यंत्राची मदत आता स्वस्तही झाली आहे. १९९५च्या यामाहा ओटूआर या मिक्सरने जुळवलेली मांडणी साठवून एका बटणासरशी परत आणण्याची सोय दिली. २०१२ मध्ये बेरिंजरचा एक्स-३२ आला आणि ती सोय लहान मंडपवाल्यांच्याही आवाक्यात आली. एका पेटीत दोन मिक्सर मावले. पहिल्या बुवांची मांडणी एका कप्प्यात, दुसऱ्यांची दुसऱ्यात. मांडणी साठवताना आवाज किती ठेवला होता हेही यंत्राच्या स्मरणात राहते, म्हणजे वाद झाला तर ते पाहता येते.

वेळही आता कमी पडते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. रात्रभर रंगणाऱ्या कलांना हा नियम जड जातो, पण झोपलेल्या गावाचा हक्कही खोटा नाही. मर्यादित तासांत दोन बाऱ्या बसवायच्या तर बदलात वाया जाणारी पाच-दहा मिनिटे परवडत नाहीत. दुसऱ्या बुवांची बारी कापली गेली, तर तोही अन्यायच.

गळ्याच्या काळात कमी-जास्त आवाजाचा दोष कोणाला देता येत नव्हता. तो देवाने दिलेला होता. आता तो पट्टीवर आहे, आणि पट्टीवर बोट ठेवणारा माणूस अंधारात, श्रोत्यांच्या मागे बसलेला असतो. हार-श्रीफळ दोन्ही बुवांना मिळते. दोघांना सारखे ऐकवले म्हणून एखादे श्रीफळ त्यालाही द्यायला हरकत नाही.