नोंदविलेली गती आणि राखीव क्षमता : ग्राफिक्स कार्डाच्या ओव्हरक्लॉकिंगचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी कॅमेरा मिळणे दुरापास्त झाले असता कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये चित्रपटाचा कॅमेरा तयार केला. त्यातूनच महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ (१९२०) साकारला. जे यंत्र विकत घेणे शक्य नाही त्याची रचना समजून घ्यावी, ही वृत्ती पुढे या शहराच्या तेल-इंजिन व ओतकाम उद्योगांतही दिसून येते. मर्यादित पैशांत चित्रनिर्मितीची अधिक क्षमता कशी मिळवावी, हा प्रश्न सुमारे ऐंशी वर्षांनंतर घरगुती संगणकाच्या संदर्भात पुन्हा उपस्थित झाला. त्याचे एक उत्तर म्हणजे ओव्हरक्लॉकिंग होय.

राखीव क्षमतेचे स्वरूप

संगणकातील प्रत्येक चिप एका ठरावीक ठोक्यानुसार काम करते. हे ठोके मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. एकाच आराखड्याच्या सर्व चिप सारख्या निपजत नाहीत. म्हणून उत्पादक त्यांची चाचणी घेऊन प्रतवारी लावतो आणि प्रतिकूल तापमानातही चालेल अशी गती नोंदवितो. याशिवाय स्वस्त मालाला मागणी अधिक असल्यास चांगली चिपही खालच्या प्रतीत विकली जाते. अर्थात, नोंदविलेली गती ही केवळ तांत्रिक मर्यादा नसून व्यापारी निर्णयही असतो. या दोहोंतील अंतर वापरणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

ऐतिहासिक टप्पे

१९९८ मध्ये इंटेलची सेलेरॉन ३००ए ही स्वस्त चिप बाजारात आली. तिच्या बसची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली असता ती अनेकदा ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चालत असे. ग्राफिक्स कार्डाच्या क्षेत्रात २००२ चे रेडिऑन ९५०० हे बोलके उदाहरण आहे. त्यात महागड्या ९७०० चीच चिप होती. मात्र आठपैकी चार पाइपलाइन बंद केलेल्या होत्या. काही कार्डांत त्या बदललेल्या ड्रायव्हरने सुरू करता येत असत, तर काहींत त्या मुळातच सदोष निघत.

या ज्ञानाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. कमी गतीच्या चिपवर अधिक गतीचा छाप मारून ती विकण्याचे प्रकार घडले. अशा फसवणुकीला आळा घालणे हे गतीचा गुणक कायम करण्यामागील एक कारण होते. त्याचा फटका प्रामाणिक वापरकर्त्यालाही बसला.

मर्यादा व जोखीम

चिपचा वीजवापर गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही १० टक्क्यांनी वाढविल्यास वीजवापर सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढीच उष्णता निर्माण होते. स्वस्त संगणकात नेमके पंखे, हवेशीर पेटी आणि वीजपुरवठा युनिट यांवरच काटकसर केलेली असते. त्यातच २००० च्या दशकात महाराष्ट्राने भारनियमन अनुभवले. कोल्हापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत खोलीचे तापमानच जास्त असल्याने कार्ड थंड राखणे अधिक अवघड होते. पडद्यावर ठिपके उमटणे व संगणक अचानक बंद पडणे ही मर्यादा ओलांडल्याची लक्षणे होत. कार्ड निकामी झाल्यास हमी बहुधा लागू होत नसे. म्हणजे ज्याला नवे कार्ड घेणे परवडत नाही, त्यालाच ते गमावण्याचा धोका पत्करावा लागे.

निष्कर्ष

मार्च २०१२ मध्ये एनव्हिडियाच्या जीटीएक्स ६८० या कार्डात स्वयंचलित गतिवाढ आली. मूळ १००६ मेगाहर्ट्झवरून कार्ड स्वतःच वीज व तापमान पाहून १०५८ किंवा त्याहून अधिक गती गाठू लागले. पूर्वी वापरकर्ता शोधत असलेल्या राखीव क्षमतेचा मोठा भाग अशा रीतीने उत्पादकानेच वापरात आणला. यामुळे अल्प उत्पन्न गटातील ग्राहकाला जोखमीविना अधिक गती मिळाली. पण यंत्राची मर्यादा स्वतः तपासून पाहण्यातून होणारे शिक्षण मात्र कमी झाले. कॅमेरा घडविणाऱ्या शहराच्या दृष्टीने ही हानी किरकोळ मानता येणार नाही.