गुळव्याची लेक

मी जन्मले तेव्हा कोल्हापूर अजून संस्थान होतं. 1949 साली ते मुंबई राज्यात गेलं, पण आमच्या भोगावतीकाठच्या गावात त्याचा गवगवा फारसा झाला नसावा. आमचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू व्हायचं. त्या दिवशी शाहूपुरीत नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघायचे. ती पेठ 1895 साली शाहू महाराजांनी वसवली, ती गुळाच्याच व्यापारासाठी.

आमचे आबा गुळव्या. स्वतःचा एक वाफाही ऊस नाही, पण हंगामात मळेवाले दारात येऊन त्यांना गूळ करायला बोलवायचे. गुऱ्हाळ पहाटेच सुरू होई. आई भाकऱ्या थापायची आणि ते गाठोडं घेऊन जायचं काम माझ्याकडे. सोबतीला कुंभाराची पोरगी. तिला चरकाच्या आडव्या लाकडावर बसून बैलांबरोबर गोल फिरायला मिळे, कारण ती हलकी. मला उतरवून टाकत. याचा राग मला अजून आहे.

गुऱ्हाळावर आलेल्या वाटसरूला रस नाकारायचा नाही, हा रिवाज. आम्ही त्याचा पुरेपूर फायदा उठवायचो. उसाचं कांडं काहिलीत बुडवायचं आणि त्याला चिकटलेला ऊन गूळ ओढत ओढत खायचा. दात निघून येतील असं वाटायचं.

पण मी बघत बसायचे ते आबांना. रस काहिलीत पडला की भेंडीची झाडं ठेचून त्यांचं चिकट पाणी त्यात ओतायचे. मळी फेसासारखी वर यायची, ती ते झाऱ्यानं काढत राहायचे. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारणारा चुलव्या. त्याला आबा क्वचितच हाक मारत, हातानंच जाळ कमी-जास्त करायला सांगत. रस आटत आला की बुडबुड्यांचा आवाज जड व्हायचा. मग आबा बोटं गार पाण्यात बुडवून फावड्यावरचा उकळता पाक उचलायचे, पुन्हा पाण्यात धरून त्याची गोळी वळायचे आणि ती काहिलीच्या काठावर आपटायचे. टण्ण वाजली की आधण झालं. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपला, घाई केली तर पुढं पावसाळ्यात पाझरला. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. मग सात-आठ जण काहील उचलून वाफ्यात ओतायचे आणि सगळे एकदम मोठ्यानं बोलायला लागायचे. आबांच्या बोटांची कातडी आई रात्री खोबरेल लावून मऊ करायची. हल्ली शहरातले लोक गुऱ्हाळ बघायला सहल काढून जातात. जावोत बापडे, पण धूर, भाजलेले हात आणि चरकात बोटं गेलेले गडी मी विसरले नाही.

पुढं बैलांच्या जागी इंजिन आलं. त्यानं गुळव्याचं काही बिघडलं नाही, उलट आधणं वाढली. बिघडवलं साखरेनं. 1950 च्या सुमाराला नगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला. ते वारं पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आमच्याकडंही आलं. मळेवाल्यांना ते बरं होतं. ऊस तोडून घातला की काम संपलं, रात्र जागायला नको, अडत्याच्या दारात बसायला नको. त्यांना सभासदत्व मिळालं, आबांना काय मिळणार? ज्याच्याकडं ऊस नाही त्याला शेअर नाही. धाकटा भाऊ एका कारखान्यात हंगामी कामगार म्हणून लागला. त्याला गोळी वळता येत नव्हती, आणि तिथं तिची गरजही नव्हती.

उरलेल्या गुऱ्हाळांत आणखी एक गोष्ट शिरली, गुळाचा रंग उजळवणारी हायड्रोस पावडर. गुजरातच्या बाजारात पिवळाधमक गूळ खपे. अडत्या काळपट रव्याकडं बघून नाक मुरडायचा. आबांनी ती भुकटी हातात घेऊन हुंगली आणि म्हणाले, "मग भेंडी कशाला ठेचायची?" त्या हंगामानंतर ते गुऱ्हाळावर फारसे गेले नाहीत.

2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. माझी नात परवा दुकानातून एक पाकीट घेऊन आली. वर सेंद्रिय, बिनरसायनी वगैरे लिहिलेलं, आत काळपट गूळ. किंमत पिवळ्यापेक्षा चांगली चढी. चहात घातला, चव बरी होती. पण आबांनी ते आधण अर्धं मिनिट आधी उतरवलं असतं.