आकडीची चाहूल

मालवण किनाऱ्यावर रापण ओढताना एखादा गडी वाळूत कोसळून हातपाय झाडू लागला, की "फिट इली!" अशी हाक उठते. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतं. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबतात. श्रेय कांद्याला जातं. दुखणं पुन्हा पुन्हा उठू लागलं, की जुनी माणसं देवळात कौल लावत, म्हणजे देवाचा होकार-नकार विचारत. काही जण आकडीला भूतबाधाही समजत; भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे महाराष्ट्रात स्वतंत्र गुन्हा ठरायला २०१३ चा कायदा यावा लागला.

कौलाला कारण विचारायचं नसतं. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीच्या जत्रेचा दिवस आजही कौलावर ठरतो आणि लाखो माणसं तो मानतात. श्रद्धेत ते शोभतं. आजारपणात मात्र 'का?' विचारायलाच हवं.

आयुर्वेदाच्या चरकसंहितेने ते विचारलं होतं. तिच्या निदानस्थानात अपस्मारावर, म्हणजे आकडीच्या आजारावर, स्वतंत्र अध्याय आहे. भुवया आक्रसणं, नसलेले आवाज ऐकू येणं, लाळ सुटणं अशी पूर्वरूपं, म्हणजे आधीची लक्षणं, तिथे नोंदली आहेत.

मेंदूच्या आतली खूण दिसायला मात्र १९२४ साल उजाडलं. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवल्या आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. १९३५ मध्ये बोस्टनच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी, मूल क्षणभर हरवल्यासारखं होतं त्या झटक्यात, सेकंदाला तीन वेळा उठणारी लहर दाखवली. झटका ओळखता येऊ लागला. तो आधी सांगणं राहिलंच.

२०१३ मध्ये मेलबर्नच्या मार्क कुक यांच्या चमूने त्या दिशेने मोठं पाऊल टाकलं. १५ रुग्णांच्या कवटीखाली इलेक्ट्रोड बसवले आणि हातात छोटं यंत्र दिलं. लाल दिवा म्हणजे धोका, पांढरा मध्यम, निळा कमी. काहींना इशारा चांगला मिळाला, काहींना नाही. दिवा रंग सांगे, कारण नव्हे.

आता संगणक झटक्याची चाहूल शेकडो तासांच्या ईईजीतून, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या नोंदींतून, शिकतो. पण त्याचा निकालही कौलासारखाच कारणाविना आला, तर डॉक्टरांनी त्यावर औषध कसं बदलायचं? म्हणून लंडबर्ग आणि ली यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या 'शॅप'सारख्या पद्धती मोलाच्या आहेत. इशाऱ्यात कोणत्या इलेक्ट्रोडचा, कोणत्या लहरीचा किती वाटा होता, ते त्या दाखवतात. मग इशारा कानशिलाजवळच्या लहरींमुळे आला, की रुग्ण भाकरी चावत असताना हललेल्या जबड्यामुळे, हे पडताळता येतं. कारण न सांगणारं यंत्र कितीही हुशार असो, ते रुग्णाच्या उशाशी ठेवू नये.

ही यंत्रं अजून बहुतांशी संशोधनातच आहेत. इथला रुग्ण ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जातो, नाहीतर पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधं नियमित घेतली, तर सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. तेव्हा गोळी चुकवू देऊ नका, आणि अशा माणसाला होडीवर एकटं पाठवू नका. झटका आलाच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली की १०८ ला फोन करा.