ताबिनेको रिपोतो

हिरो आरिकावा (जन्म १९७२) या जपानी लेखिकेची, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी. शिकोकू बेटावरील कोची प्रांतात जन्मलेल्या आरिकावांचा लौकिक तत्पूर्वी ‘तोशोकान सेन्सो’ या ग्रंथालयरक्षकांच्या कादंबरीमालेमुळे झालेला होता. परंतु जपानबाहेरील वाचकांच्या अंतःकरणापर्यंत त्या पोहोचल्या, त्या मुख्यतः या निराडंबर कथेमुळे.

सातोरू मियावाकी या एकाकी तरुणाच्या रुपेरी व्हॅनच्या बॉनेटवर झोपणारा भटका बोका मोटारीच्या धडकेने जायबंदी होऊन त्याच्याच आश्रयास येतो, आणि वाकड्या शेपटीमुळे ‘नाना’, म्हणजे सात, हे नाव पावून पाच वर्षे त्याच्यासोबत राहतो. पुढे त्याला सांभाळणे अशक्य झाल्यामुळे, कारण न सांगता, सातोरू त्याला व्हॅनमध्ये घेऊन जुन्या मित्रांच्या दारी निघतो: छायाचित्रकार कोसुके, शेती करणारा योशिमिने, फुजी पर्वताच्या परिसरात प्राणिप्रेमी प्रवाशांसाठी अतिथिगृह चालवणारे सुगी दांपत्य. बोका कोणाच्याच सुपूर्द होत नाही, आणि त्यात बोक्याचाही हात असतो. वास्तविक प्रवासाच्या निमित्ताने हा असाध्य कर्करोगाने ग्रासलेला मनुष्य आपल्या स्नेह्यांचा निरोप घेत असतो, हे नाना मित्रांच्या आधी ओळखून असतो.

प्रत्येक घरी गतकाळाचे एकेक प्रकरण उलगडते. सातोरू शाळेच्या सहलीवर असतानाच त्याचे आईवडील अपघातात दगावले, हाची हे लाडके मांजर दुरावले, आणि न्यायाधीश असलेल्या नोरिको मावशीच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे प्रत्येक नवी मैत्री जुळते न जुळते तोच सोडावी लागली. इतके हिरावले गेलेला मनुष्य कटू का झाला नाही, या प्रश्नाचे उत्तर लेखिका उपदेशाने देत नाही; मित्रांच्या मनातील मत्सर, अपराधभाव आणि कृतज्ञता यांच्या आठवणींतून ते वाचकाच्या हाती येते. सुगीच्या प्रकरणात, सातोरूच्या प्रेमाची चाहूल लागूनही स्वतःचे प्रेम आधी निवडणाऱ्या मित्राची टोचणी ज्या संयमाने रेखाटली आहे, तो भाग प्रस्तुत कादंबरीतील सर्वोत्कृष्ट म्हणावा लागेल.

वर्तमानातील प्रवासाचे निवेदन बहुतांशी नानाच्या मुखातून होते, पूर्वकथा मात्र तृतीयपुरुषी येते. बोलक्या मांजराची ही परंपरा नात्सुमे सोसेकी यांच्या १९०५–०६ मधील विख्यात कादंबरीपासूनची असून, नाना आरंभीच त्या पूर्वसूरीचा उल्लेख करतो. सोसेकींचे मांजर मनुष्यांचा उपहास करते. नानाचा ताठा मात्र मायेचा आहे, त्यामुळेच होक्काइडोतील अखेरच्या प्रकरणात तो मावशीचे घर सोडून सातोरू दाखल असलेल्या रुग्णालयाच्या आसपास भटके जिणे पत्करतो, तेव्हा त्यात भाबडेपणाचा लवलेशही राहत नाही. करुणेचा अतिरेक झाल्याचा आक्षेप या कथेवर घेता येईल. परंतु दयेची याचना न करणाऱ्या निवेदकामुळे तो टिकत नाही.

इंग्रजी अनुवाद फिलिप गेब्रिएल यांनी केला असून, कोइचिरो मिकी यांनी दिग्दर्शित केलेल्या २०१८ मधील चित्रपटात सातोरूची भूमिका सोता फुकुशी यांनी केली.