माग, नांगर आणि मोटारगाडी

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा हिंदुस्थानच्या रस्त्यांवर मोटारगाडी नव्हतीच. तेव्हापासून ह्या व्यासपीठांवर संत आले, शाहीर आले, घटनापंडित आले. अशा ठिकाणी आम्ही एका जपानी मोटारगाडीची कथा घेऊन उभे राहिलो, म्हणून एखाद्या श्रोत्याच्या कपाळी आठी पडली तर तिचा आम्हांला राग नाही. पण इतिहास म्हणजे केवळ राजवाड्यांतील घडामोडी नव्हेत. माणसे कशात बसून दवाखान्यात गेली, कशात बसून सासरी गेली, हाही इतिहासच होय.

आपल्या बीड जिल्ह्याला तर तो फारच लागू आहे. पूर्वेच्या टोकाला परळीकडे रूळ होते. परंतु बीड शहरात पहिली प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर आमच्या पिढ्यांनी रेल्वे पाहिली ती बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन. एस. टी. होती, ती नसेल तेथे काळी-पिवळी जीप होती. आणि अडल्यानडल्या वेळी अंबाजोगाईच्या किंवा संभाजीनगरच्या इस्पितळात माणूस पोहोचवायचा तर कुणाची तरी भाड्याची गाडी होती. ह्या भाड्याच्या गाड्यांत २००० सालानंतर एक नाव वारंवार ऐकू येऊ लागले. ते नाव टोयोटा. आधी क्वालिस आली, मग इनोव्हा आली. आणि अलीकडे पुढाऱ्यांच्या मागेपुढे पांढऱ्या फॉर्च्युनरची रांग धावू लागली. हे नाव आपल्या दारापर्यंत कसे आले, हे पाहू लागलो म्हणजे वाटेत दोन कारागीर भेटतात. एक जपानचा, दुसरा आपला.

जपानचा कारागीर म्हणजे साकिची टोयोडा. १८६७ साली आजच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यात सुताराच्या घरी त्याचा जन्म झाला. गावातल्या बायका हातमागावर कष्ट उपसताना त्याने लहानपणापासून पाहिल्या होत्या. त्यांचे श्रम कमी व्हावेत म्हणून त्याने मागातच सुधारणा करण्याचे मनावर घेतले, आणि १८९१ साली लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळवले. पुढची तीस-पस्तीस वर्षे त्याला दुसरा ध्यास नव्हता. १९२४ साली त्याचा स्वयंचलित माग पूर्णत्वास गेला. धोट्यातील सूत संपत आले की हा माग न थांबता धोटा बदलून घेई. परंतु ताण्याचा एखादा धागा तुटला की मात्र तो आपण होऊन जागच्या जागी थांबे.

श्रोतेहो, ह्या थांबण्यातच सारे मर्म आहे. साधा यंत्रमाग धागा तुटला तरी चालतच राहतो आणि वारभर सदोष कापड विणून ठेवतो. म्हणून त्याच्यापाशी माणूस सतत राखणीला बसवावा लागतो. साकिचीचा माग दोष दिसताच थांबत असल्यामुळे एकच कामगार अनेक मागांवर नजर ठेवू शकला. यंत्र जलद चालावे म्हणून जगभर खटपट चालली होती. यंत्राने वेळेवर थांबावे म्हणून ह्या सुतारपुत्राने खटपट केली. १९२९ साली इंग्लंडातील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स ह्या नामांकित कंपनीने ह्या मागाचे हक्क १,००,००० पौंडांस घेण्याचा करार केला. जगाला माग पुरवणाऱ्या इंग्लंडाने जपानी खेडुताची विद्या विकत घ्यावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आता आपला कारागीर. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे साकिचीहून अवघे दोन वर्षांनी लहान. जन्म १८६९ चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्यांनी शिक्षकी केली, बेळगावास सायकलींचे दुकान काढले, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. पण शेतकरी तो घेईना. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली! पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून यंत्रशास्त्र शिकून आले, आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. ते इंजिन आपल्या जिल्ह्याला निराळे ओळखून द्यावयास नको. विहिरीवर ‘किर्लोस्कर’ बसले म्हणजे मळा बागाईत झाला, असे हिशेब आमच्या वडिलांच्या पिढीने केले आहेत.

एकाने माग सुधारला, दुसऱ्याने नांगर. दोघांनाही गिऱ्हाइकाचा विश्वास आयता मिळाला नाही. हा विश्वास कसा कमवावा लागतो, ते साकिचीच्या मुलाला मोटारीच्या धंद्यात पुरते कळले. किइचिरो टोयोडा ह्याने १९३३ साली मागाच्या कारखान्यातच मोटारविभाग उघडला. १९३५ साली त्याची पहिली मालमोटार तयार झाली, आणि ती समारंभासाठी टोकियोला नेत असताना वाटेतच मोडली. विकलेल्या गाड्याही वरचेवर बंद पडत. मग कंपनीची माणसे जेथे गाडी अडली असेल तेथे धावत जाऊन ती दुरुस्त करीत, आणि काय मोडले, का मोडले, ह्याची वार्ता कारखान्यात आणीत. १९३७ साली स्वतंत्र कंपनी झाली. घराण्याचे नाव टोयोडा; गाडीचे टोयोटा ठेवले, कारण जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहिता येते आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात.

शुभ आकड्याने संकट टळले नाही. युद्धानंतर कंपनी बुडण्याच्या काठावर आली, कामगारकपात झाली, संप झाला आणि १९५० साली किइचिरोला पायउतार व्हावे लागले. दोनच वर्षांत तो वारला. १९५७ साली क्राऊन नावाची मोटार मोठ्या उमेदीने अमेरिकेत नेली, तर तेथील वेगवान रस्त्यांवर तिचा दम उखडला आणि काही काळ ती निर्यातच आवरती घ्यावी लागली. ह्या साऱ्या अपयशांतून त्या कारखान्याने एक रीत घट्ट धरली: कामगाराला दोष दिसला तर त्याने डोक्यावरची दोरी ओढावी, आणि दोष तेथल्या तेथे निस्तरला नाही तर सारी कामाची रांग थांबावी. बापाच्या मागाचेच तत्त्व मुलांच्या मोटारीत उतरले.

ही दोन घराणी एकत्र आली तीही आधी सुताच्याच निमित्ताने. १९९५ साली कर्नाटकात किर्लोस्कर-टोयोडा अशी कापडधंद्याची यंत्रे करणारी कंपनी निघाली, आणि १९९७ साली बंगळूरजवळ बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली. शंतनुरावांचे नातू विक्रम किर्लोस्कर हे तिचे एक आधारस्तंभ. २०२२ साली त्यांचे निधन झाले. जानेवारी २००० मध्ये ह्या कारखान्याची पहिली गाडी बाजारात आली, ती क्वालिस. इंडोनेशियातील खेडोपाडी चालणाऱ्या किजांग ह्या गाडीचा हा भारतीय अवतार. दिसायला पेटीसारखी, वेगाने बेतास बात. शहरातल्या शौकिनांनी नाके मुरडली.

पण आमच्याकडच्या गाडीवाल्यांनी तिची परीक्षा निराळ्या शाळेत घेतली. मांजरसुंब्याचा घाट, धारूरच्या घाटातली अरुंद वळणे, मे महिन्यातले ऊन, पाहुण्यांनी खचाखच भरलेले लग्नाचे भाडे, आणि परळी, अंबाजोगाई, पंढरपूर, तुळजापूर अशी देवदर्शनाची फेरी. स्टँडावर उभ्या असलेल्या जुन्या मालकांना आम्ही विचारीत गेलो, तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच आले: “गाडीनं कधी मधेच सोडलं नाही.” तीन-तीन लाख किलोमीटर इंजिन उघडले नाही, असेही अभिमानाने सांगणारे भेटले, मालकाची बढाई वजा केली तरी बाकी पुष्कळ उरते. क्वालिसचे डिझेल इंजिन साधे होते. गावातला फिटर ते खोलू शकत होता. २००५ साली तिच्या जागी इनोव्हा आली. ती अधिक जोरदार, बसायला अधिक सुखाची. पण तिच्या इंजिनात डिझेल फार मोठ्या दाबाने फवारले जाते, त्याला कचऱ्याचे किंवा पाण्याचे डिझेल सोसत नाही, आणि बिघाड शोधायला पान्याबरोबर संगणकही लागतो. पूर्वी कानाने आजार ओळखणारा आमचा फिटर येथे थोडा ओशाळला. मग त्यांतल्या काही तरुणांनी ती विद्याही शिकून घेतली, ही समाधानाची गोष्ट.

ह्या संदर्भात आमचीच एक फजिती सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका व्यापाऱ्याकडून जुनी क्वालिस घेतली. मीटरवर आकडा नव्वद हजारांचा. गाडी आणून फिटरला दाखवली. त्याने बॉनेट उघडलेच नाही, ब्रेकच्या पायटीवरचे गुळगुळीत झालेले रबर आणि ड्रायव्हरच्या बैठकीची दबलेली कड पाहून तो म्हणाला, “सर, ही गाडी दोन लाखांच्या पुढं चाललीय. काटा मागं फिरवलाय.” गाडी वाईट नव्हती, तिने पुढे आम्हांला चांगली साथ दिली. खरा आकडा सांगितला असता तरी आम्ही ती घेतली असती. पण त्या व्यापाऱ्याच्या दुकानाची पायरी आम्ही पुन्हा चढलो नाही. दोष होता म्हणून नव्हे, तो लपवला म्हणून.

आणि हा मोह लहान व्यापाऱ्यालाच होतो असे नव्हे. खुद्द टोयोटाच्या इतिहासात हे पान आहे. २००९-१० च्या सुमारास पायाखालच्या चटईत अडकणारा किंवा दाबलेला राहणारा अ‍ॅक्सिलरेटर, ह्या कारणांनी लक्षावधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. किइचिरोचे नातू आकिओ टोयोडा ह्यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे क्षमा मागितली आणि कंपनी फार वेगाने वाढली, हे कबूल केले. पुढे २०१४ साली ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीने अमेरिकन सरकारला १२० कोटी डॉलर्स दंड देण्याचे मान्य केले. धागा तुटताच थांबणारा माग ज्या घरात जन्मला, त्या घरातही एकदा धागा तुटला आणि माग चालू राहिला! बिडदीच्या कारखान्यातही २०१४ आणि २०२० साली मालक-कामगार तंटे टाळेबंदीपर्यंत गेले. तेव्हा आम्ही येथे कुणाची आरती करावयास उभे नाही.

मग हा इतिहास आज का सांगावा? कारण तो आता आपल्या शेजारी येऊन ठेपला आहे. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर आणि महाराष्ट्र शासन ह्यांच्यात छत्रपती संभाजीनगर येथे नवा कारखाना काढण्यासंबंधी सामंजस्य करार झाला. सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची भाषा झाली. करार आणि कारखाना ह्यांत अंतर असते, हे आम्ही जाणतो. पण धुराडे उभे राहीपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसावे काय? दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातल्या हजारो जोड्या कोयता घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात. ज्या सांगलीकडच्या मातीत लक्ष्मणरावांनी नांगर घडवला, तेथील फडांतही आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली. त्यांच्या मुलांनी नव्या कारखान्याच्या फाटकाशी कोणत्या नात्याने उभे राहावे, हा खरा प्रश्न आहे. बिडदीला कंपनीने २००७ साली तंत्रशिक्षण संस्था काढून कर्नाटकातल्या खेड्यांतील गरीब मुलांना घेतले, शिकवले. तशी संस्था येथेही असावी, हे मागणे कारखान्याची जागा आखली जाण्यापूर्वी केले पाहिजे. आणि आपल्या जिल्ह्यातील आय. टी. आय. मधली यंत्रे चालू आहेत की धूळ खात आहेत, हे पालकांनी एकदा डोळ्यांनी पाहून आले पाहिजे.

पांढरी मोटार दाराशी उभी करणे हा पैशाचा पराक्रम. ती घडवणे हा हातांचा. पहिल्याचे कौतुक आपल्याकडे फार झाले. साकिची सुताराचा मुलगा होता, त्याच्याजवळ भांडवल नव्हते. होती ती एवढीच सवय, की धागा तुटला तर थांबायचे, कुठे तुटला ते पाहायचे आणि मगच पुढे विणायचे. आपल्या जिल्ह्याच्या विणीतही धागे तुटलेले आहेत. ते कुठे तुटले, हे मोकळेपणाने सांगणारी आणि गाठ मारणारी मुले ह्याच सभागृहातल्या घरांतून निघतील, अशी आमची खात्री आहे.